डावीकडे तीन, उजवीकडे दोन

"काका, हांगा दोनूच आसात," वरच्या मजल्यावरची पोरगी म्हणाली आणि माझ्या ड्रॉइंगवर पेन्सिलचं मागचं टोक टेकवून गप्प उभी राहिली. मी चष्मा कपाळावर ढकलला, परत नाकावर घेतला. कागदावर डावीकडे तीन काटे, उजवीकडे तीन काटे. छान दिसत होतं हो. मला विचाराल तर अख्ख्या प्लेटवर, म्हणजे चित्रांच्या पानावर, तेवढंच एक खरंच देखणं उतरलं होतं. तिने मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून माझ्यापुढे धरला. ती ज्या समुद्रातल्या बारीक जिवावर काम करते त्याच्या शेपटीच्या अगदी टोकाला एक इवलासा दुभंगलेला तुकडा असतो, टेल्सन म्हणतात त्याला, दोन पाकळ्या असल्यासारखा. त्याच्या डाव्या पाकळीवर तीन काटे होते आणि उजवीवर दोन. तिच्या पेन्सिलच्या स्केचमध्येही दोनच होते. म्हणजे माझ्यासमोर दोन काटे असताना मी तीन काढले होते आणि काढताना मला कळलंसुद्धा नव्हतं. ती रागावली वगैरे नाही, म्हणाली असू दे काका, होतं असं, मी दुरुस्त करते. पण मला ते लागलं. पंधरा दिवस झाले, अजून लागतंय, म्हणून लिहायला बसलोय.

आधी सांगतो मी या भानगडीत पडलो कसा. मी रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, गोव्यात फोंड्याच्या बाजूला एका हायस्कुलात तीस वर्षं काढली, आता मुलाने ताळगावला फ्लॅट घेतला तिथे राहतो. वरच्या मजल्यावरची ही पोरगी समुद्रातल्या बारीक किड्यांवर पीएचडी करते. किडे म्हणलेलं तिला आवडत नाही, ती म्हणते क्रस्टेशियन म्हणा, सुंगटा-कुर्ल्यांच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले. तिला एक नवीन जात सापडलीये, जगात कुणीच अजून नोंदवलेली नाही अशी, आणि ती छापायची तर प्रत्येक अवयवाचं रेघांचं चित्र लागतं, नुसता फोटो पुरत नाही. हल्ली सगळे ते कॉम्प्युटरवर पेन फिरवून काढतात, तिचंही तसंच चाललं होतं, पण तिची ती पाटी बिघडली आणि दुरुस्तीला महिना लागणार म्हणाले. एक दिवस लिफ्टमध्ये तिने विचारलं, काका तुमच्याकडे ते जुने शाईचे पेन आहेत का. माझ्याकडे रॉट्रिंगचा अख्खा सेट आहे, ०.१ मिलिमीटरच्या निबपासून, निवृत्तीनंतर सहा वर्षं डब्यात पडून होता, शाई वाळून दगड झालेली. दोन दिवस कोमट पाण्यात भिजवून, हलवून हलवून ते पेन मी जिवंत केले. तेव्हा माझ्या अंगात जो उत्साह होता तो बायकोने नातू झाला तेव्हाही पाहिला नव्हता, असं तिचं म्हणणं आहे.

जीव केवढा? साडेचार मिलिमीटर. तांदळाची कणी. हणजुणेच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी जे शेवाळ उघडं पडतं त्याचे झुबके तिने बादलीत आणून खळखळून धुतले, ते पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलं, आणि चाळणीवर जे काय राहिलं त्यात हे होते, एकूण बारा. जिवंतपणी रंग काय होता विचारलं तर म्हणाली, हिरवट असावा, शेवाळासारखा, पण अल्कोहोलमध्ये गेलं की सगळ्यांचा रंग उतरतो. मी पाहिला तो तर गुलाबी होता, कारण मायक्रोस्कोपखाली कडा दिसाव्यात म्हणून त्याला रंगवलेला. आणि काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून त्याच्या कडा कशाने बंद केल्या होत्या माहितीये? नेलपॉलिशने. साध्या दुकानातल्या. एवढं मोठं सायन्स, आणि शेवटी सीलबंद करायला नेलपॉलिश, मला ते फार आवडलं.

हे ॲम्फिपॉड. सुंगटासारखी पाठीवर एकसंध ढाल यांना नसते, अंगाचे सगळे खंड सुटे, आणि अंग दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं, त्यामुळे टेबलावर ठेवलं की कुशीवरच पडणार. डोळ्यांना देठ नाही, डोक्यात थेट बसवलेले. दोन मिशांच्या जोड्या, तोंडात जबडे धरून चार जोड्या, मग छातीला सात जोड्या पाय, पोटाखाली पोहायच्या तीन जोड्या आणि शेपटीला उडी मारायच्या तीन. सगळ्या मिळून १९ जोड्या. साडेचार मिलिमीटरात. छातीच्या सातांपैकी पहिल्या दोन जोड्या म्हणजे हात, पकडायचे, उरलेल्या पाचांतल्या दोन पुढे वळलेल्या आणि तीन मागे वळलेल्या. म्हणून नाव ॲम्फिपॉड, दोन्हीकडे पाय असलेला, लात्रेय नावाच्या फ्रेंच माणसाने १८१६ साली दिलेलं. हा लात्रेय पण अवली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तुरुंगात होता, तिथे कोठडीत त्याला एक दुर्मिळ भुंगेरा दिसला, त्याने तो ओळखला, ती बातमी बाहेरच्या किडेवाल्यांपर्यंत गेली आणि त्यांनी खटपट करून याला सोडवलं. एका भुंगेऱ्याच्या वशिल्याने सुटलेला माणूस.

स्केचेस तिची होती, मी फक्त ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने काढायचं. पण एकदा तिने मला लॅबमध्ये नेलं, मायक्रोस्कोपला कॅमेरा लुसिडा लावलेला असतो तो दाखवायला. यातलं काच आणि आरसा यांचं गणित मला नीट कळलं नाही, पण यंत्र १८०६ सालचं आहे, फोटोग्राफीच्याही आधीचं. होतं असं की एका डोळ्याने तुम्ही त्या जिवाकडे बघता आणि त्याच दृश्यात तुमचा स्वतःचा हात आणि पेन्सिल पण दिसते, एकावर एक. माझा हात, नखाखाली शाई असलेला, त्या गुलाबी पायावरून चालत होता. जिथे पायाची कड तिथे पेन्सिल, जिथे केस तिथे पेन्सिल. मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो की बघा आणि काढा, बघा आणि काढा, पण बघणं आणि काढणं यांच्यामध्ये जी अर्ध्या सेकंदाची गल्ली असते, तीच तिथे नव्हती. मी दहा मिनिटं काढलं आणि मान दुखायला लागली म्हणून उठलो. ती रोज चार तास काढते.

एक पाय काढायला मला एक संध्याकाळ लागायची. प्रत्येक पायाचे सात तुकडे, शेवटचा नखाचा. प्रत्येक तुकड्यावर केस, आणि केसही सगळे सारखे नाहीत, काही साधे, काही पिसासारखे दोन्हीकडून फाटलेले, काही जाड, काट्यासारखे. ते मोजून काढायचे, कारण एका जातीत आठ आणि दुसरीत अकरा, एवढ्यावरही जात वेगळी ठरते. पोहायच्या पायांवर, डावा आणि उजवा जिथे एकमेकांना चिकटतात तिथे आतल्या अंगाला दोन बारीक आकडे असतात. ब्लाउजला हूक असतो ना, अगदी तसे. त्या आकड्यांनी दोन्ही पाय एकमेकांत अडकतात आणि जोडीने हलतात, एक वल्हं असल्यासारखे, आणि पाणी मागे ढकलतात, तेच पाणी छातीच्या पायांच्या मुळाशी लटकलेल्या कल्ल्यांवरून जातं. मी ते दोन आकडे ०.१ च्या निबने काढत होतो आणि बायको शेजारी बसून सुंगटं सोलत होती. तिने वाकून पाहिलं, म्हणाली, हे तर गालमो (आमच्याकडची सुकी बारीक सुंगटं). मी म्हणलं नाही, सुंगटाला चालायचे पाय पाचच जोड, याला सात. तिने हातातलं एक सुंगट उलटं करून बोटाने पाय मोजले, पाच भरले, आणि म्हणाली, चाळीस वर्षं सोलतेय, मोजले कधी नव्हते. मग डोकं पिरगाळून काढलं, पाठीतला काळा धागा ओढला, ताटलीत टाकलं. तिच्या बोटांना त्या शरीराची माहिती माझ्यापेक्षा जास्त आहे. जूनच्या आधी पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचा गालमो सुपात पसरते तेव्हा त्यातली कणभर कुर्ली, कणभर मासा, शंखाचा तुकडा न बघता बाजूला काढते, गप्पा मारता मारता. त्या गालमोचं किसमूर खाताना दाताखाली कधी खडा आला नाही आमच्या घरी.

एनआयओ, म्हणजे दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ साली सुरू झाली आणि मी पहिलीत गेलो तेही १९६६, म्हणून ते साल माझ्या डोक्यात पक्कं. दोनापावलाच्या त्या फाटकावरून किती वेळा गेलो असेन, आत माणसं काय करतात हा प्रश्न कधी पडला नाही. समुद्राचं काहीतरी, एवढंच.

तर ते टेल्सन. पायांचं एक बरं असतं, एकाच बाजूचे काढले की झालं, दुसरी बाजू सहसा काढत नाहीत. पण टेल्सन मधोमध असतं, एकटं, त्याची जोडी नाही, तेव्हा ते दोन्ही पाकळ्यांसकट काढावं लागतं. आणि मधोमध असलेली, दोन पाकळ्यांची वस्तू समोर आली की माझा हात काय करणार हे मला आता कळतंय. ज्यांनी शाळेत नक्षीकाम केलंय त्यांना आठवेल. फुलदाणी काढायची तर मध्ये उभी रेघ मारायची, अर्धी फुलदाणी मन लावून काढायची, ट्रेसिंग घ्यायचं, उलटं करून ठेवायचं, मागून पेन्सिलीने घासायचं, दुसरी अर्धी आपोआप उमटते. पोरांना ती जादू वाटायची, मलाही वाटायची. तीस वर्षांत मी किती फुलदाण्या उलटवल्या असतील. त्याच्याही आधी वडील. आमचं घर डिचोलीच्या बाजूचं, वडील चतुर्थीच्या गणपतीच्या मूर्ती करायचे, चिकणमातीच्या. मूर्तीच्या कपाळापासून पायापर्यंत ओळंबा सोडायचे आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दोरीने मोजायचे, भाताच्या लोंबीएवढा फरक निघाला तरी कान पुसून परत. जुलैच्या पावसात ओल्या मातीचा वास, पत्र्यावर पाऊस, आणि वडील एक डोळा मिटून दोरी धरून उभे, हे माझं लहानपण. तेव्हा त्या दिवशी रात्री साडेदहाला मी टेल्सनची डावी पाकळी काढली, तीन काटे, फार सुरेख आले, आणि ट्रेसिंग उलटं करून उजवी घेतली. तिचं स्केच शेजारी होतं. मी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो आणि वकिलासारखा एक मुद्दा काढला. म्हणलं, अगो, तो तिसरा काटा तुझ्या सुईने तुटला असेल, तू त्याचं शेपूट सुट्टं केलंस तेव्हा. मला मनातून तेच हवं होतं. ती हसली. म्हणाली, तुटला असता तर खळगा राहिला असता, काटा जिथे बसतो तिथे वाटीसारखी खाच असते, काटा गेला तरी खाच राहते. तिने स्लाईड लावली, फोकस केला आणि मला बसवलं. डाव्या पाकळीवर तीन काटे, प्रत्येकाच्या मुळाशी एक बारीक गोल. उजवीवर दोन काटे, दोन गोल, आणि जिथे तिसरा असायला हवा तिथे काही नाही. गुळगुळीत कड. तिथे कधी काही नव्हतंच.

मी तरी सोडलं नाही. म्हणलं, बाकीच्या अकरांत काय आहे? तिने ते आधीच पाहिलं होतं. नऊ जणांत दोन्हीकडे तीन, दोघांत आणखी काही वेगळं. म्हणजे बघा, माझं चित्र जातीच्या हिशोबाने तसं बरोबरच होतं, बारातल्या नऊंसारखं. पण ती म्हणाली, काका, हा होलोटाईप आहे. बारातला एक जण निवडायचा, त्याच्यावर नाव बसतं, तो म्युझियममध्ये जातो, आणि पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो माणूस येऊन याच एका जिवाला उघडून बघणार. त्याने बघितलं आणि चित्रात तीन, इथे दोन, तर तो म्हणेल की बाटली बदलली. बाकीच्यांत किती हे मी मजकुरात लिहीन, चित्र मात्र ह्याचं. ह्याच्या एकट्याचं.

मग तिने मला आणखी एक गंमत सांगितली, बहुतेक माझं तोंड पडलेलं बघून. यांच्या जबड्यावर दातांची एक छोटी हलती पट्टी असते आणि ती डाव्या जबड्यावर एक तऱ्हेची, उजव्यावर दुसरीच. घडतानाच वेगळी. आणि यांच्या गोतातली ड्युलिचिएला म्हणून एक मंडळी आहे, त्यातल्या नराचा दुसऱ्या जोडीतला एकच हात भलामोठा, दुसरा आपला साधा, कुणाचा डावा मोठा, कुणाचा उजवा. हे ऐकून मला रायबंदरच्या बाजूला ओहोटीच्या चिखलात ज्या एका मोठ्या नांगीच्या कुर्ल्या दिसतात त्या आठवल्या, लहानपणी आम्ही म्हणायचो व्हायोलिन वाजवतात. म्हणजे हे मला माहीत होतं. बसमधून जाता-येता पाहिलेलं होतं.

रात्री तिने व्हॉट्सॲपवर एक जुनी पीडीएफ पाठवली. चॅलेंजर नावाचं इंग्रजांचं जहाज १८७२ ते १८७६ समुद्र धुंडाळत फिरलं, त्यांनी आणलेल्या ॲम्फिपॉडांचा अहवाल स्टेबिंग नावाच्या माणसाने १८८८ मध्ये लिहिला, २१० प्लेट्स. मी मास्तर माणूस, मजकूर वाचला नाही, दोन वाजेपर्यंत नुसत्या प्लेट्स बघत बसलो. शोधत काय होतो तर यांनी कुठे उलटं ट्रेसिंग मारलंय का. मोबाईलच्या स्क्रीनवर टेल्सन मोठं करून डावीकडचे काटे मोजायचे, उजवीकडचे मोजायचे. बायको झोपेतून म्हणाली, काय बघताय एवढं, डोळे जातील.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको असं चाललंय. पण टेल्सनमुळे मला झोप लागत नव्हती असं म्हणलं तर ते अर्धंच खरं.

नववीचा वर्ग, साल मला नेमकं आठवत नाही, पण नवीन इमारतीत गेलो त्याच्यानंतरचं. वस्तुचित्राला तांब्याची कळशी ठेवली होती टेबलावर, शिपायाच्या घरून मागवलेली, शेजारी दोन कांदे आणि एक घडी केलेलं फडकं. मुलं चहूबाजूंनी बसलेली. एका पोराने कळशी काढली ती एका बाजूला बसलेली, पोटात चेपलेली. बाकी काम चांगलं होतं, कांदे तर इतके छान की सालाचा कागदीपणा आला होता. मी लाल पेनाने लिहिलं, सममिती नाही, आणि दहापैकी चार दिले. पोरगा टेबलापाशी आला, वही धरून उभा राहिला, काहीतरी म्हणायचं होतं, मी म्हणलं जा जागेवर. तास संपल्यावर शिपाई कळशी न्यायला आला, त्याने ती कडेवर घेतली तेव्हा पलीकडची बाजू माझ्याकडे झाली. पोचा होता. चांगला तळहाताएवढा, कधीतरी विहिरीच्या काठावर आपटलेली असणार. मी बसायचो तिथून दिसत नव्हता, त्याच्या बाकावरून दिसत होता.

मी मार्क बदलले नाहीत. वही अजून टेबलावर होती, पेन हातात होता. का बदलले नाहीत ते आज नीट सांगता येत नाही, पुढचा तास होता, रजिस्टरमध्ये शाईने चढवले होते, मास्तरने खाडाखोड केली तर पोरं डोक्यावर बसतात, असलं काहीतरी. त्या पोराचं नाव मला आठवतं पण इथे लिहीत नाही. पुढे तो कुठे गेला ठाऊक नाही. त्याच्या पुढच्या चित्रांतल्या सगळ्या कळशा मात्र दोन्हीकडून सारख्या होत्या, आणि मी त्याला सात-आठ देत गेलो.

असो.

टेल्सन मी परत नव्याने काढलं नाही, खरवडलं. ट्रेसिंगवरची शाई काढायची आमची जुनी पद्धत, अर्धं ब्लेड घ्यायचं, आडवं धरायचं, श्वास रोखून फक्त वरची शाई उचलायची, कागद फाटता कामा नये. एक काटा, कागदावर चार मिलिमीटरचा, त्याला वीस मिनिटं लागली. मग नखाच्या पाठीने ती जागा घोटून गुळगुळीत केली आणि तुटलेली कड ०.१ ने जोडली. कागद उजेडात धरला तर तिथे एक पुसट चट्टा दिसतो, स्कॅनमध्ये येणार नाही. साधा चट्टाच, पण मला कुठे आहे ते माहीत असल्यामुळे मला नजर टाकली की आधी तोच दिसतो. आणि खरं सांगू, दोन काट्यांचं ते टेल्सन मला अजूनही थोडं बोडकं वाटतं. डोळ्याला सवय व्हायला वेळ लागेल, किंवा होणारही नाही.

नावाचं विचारू नका, छापून येईपर्यंत सांगायचं नाही असा तिचा दम आहे. मी आपलं विचारून पाहिलं होतं की नावं ठेवतात कशावरून, तर म्हणाली कशावरूनही, २०१५ मध्ये एकाला एल्टन जॉनवरून एल्टोनी ठेवलं, आणि २०२० मध्ये मरियाना गर्तेतल्या एकाच्या पोटात प्लास्टिक सापडलं म्हणून त्याच्या नावातच प्लास्टिकस आलं. दहा हजारांच्या वर जाती आहेत म्हणे ॲम्फिपॉडांच्या. बायकोने सुचवलं की गालमो ठेवा. पोरगी हो हो म्हणाली, पण मला वाटतं मोठ्यांचा मान ठेवला.

रविवारी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा हॉर्न वाजत होता तेव्हा ती खाली आली, प्लेट न्यायला. खिडकीपाशी गेली, कागद उजेडात धरला, चट्ट्यावर तिची नजर गेली का ते कळलं नाही. पेन्सिलच्या टोकाने ओठातल्या ओठात मोजलं, तीन, मग पलीकडे, दोन. फाईलमध्ये ठेवला. पाव घ्यायला दारात गेली आणि तिथूनच म्हणाली, काका, आता मादी राहिलीये. मादीच्या छातीखाली पायांच्या मधोमध केसाळ पट्ट्यांची टोपली असते, अंडी त्यात, आणि यांची पिल्लं अंड्यातून थेट आईसारखीच छोटी होऊन निघतात आणि काही दिवस त्या टोपलीतच राहतात. हिला सापडलेल्या एकीच्या टोपलीत पिल्लं आहेत, ती पण दाखवायची म्हणाली.

मी विचारलं, किती आहेत?

"मोजा ना तुम्हीच."